निद्रेतील श्वास : एका उशिरा ओळखलेल्या व्याधीचा इतिहास

गाढ झोप हे आरोग्याचे लक्षण आणि घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण, ही समजूत आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांकडून घेतली आणि तिच्याविषयी कधी शंका बाळगली नाही. आमचे एक चुलते होते. अंथरुणाला पाठ टेकताच ते घोरू लागत आणि तो आवाज माजघर ओलांडून ओसरीपर्यंत येई. मध्येच तो एकाएकी थांबे; सारे घर स्तब्ध होई; आणि मग एखादे अवजड दार ढकलून उघडावे तसा मोठा हुंकार देऊन तो पुन्हा सुरू होई. आम्ही मुले त्या थांबण्याच्या वेळी बोटांवर आकडे मोजीत असू आणि हसत असू. दिवसा हेच चुलते देवळाच्या सभामंडपात कीर्तनाला बसले, की पूर्वरंग संपण्यापूर्वीच खांबाला टेकून पेंगू लागत. पंक्तीला बसले तर पानावर हात थबके आणि डोळे मिटत. गावाने त्यांना कुंभकर्ण हे नाव देऊन टाकले होते आणि ते बिचारे स्वतःही ते हसून मान्य करीत. हसत नसे ती फक्त काकू. ती रात्री उठून बसे आणि त्यांना कुशीवर वळवी. यांचा श्वास अडतो, असे तिने एकदोनदा घरात सांगितलेही; परंतु बायकांना नाही नाही त्या शंका येतात, एवढ्यावर तो विषय मिटला. पन्नाशी उलटल्यावर चुलते अर्धांगवायूने गेले. घोरण्याचा आणि या मृत्यूचा काही संबंध असू शकतो, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले. तो होताच, असे मात्र आज कोणासही सांगता येणार नाही.

ज्या व्याधीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत तिला वैद्यकात स्लीप ॲप्निया म्हणतात. ॲप्निया हा शब्द मूळचा ग्रीक. त्यातील आरंभीचा 'अ' आपल्या संस्कृतातील नकारार्थी 'अ'चाच भाऊबंद असून 'श्वास नसणे' एवढाच त्याचा अर्थ. मराठीत निद्राश्वासरोध म्हणावयास हरकत नाही. हिचा इतिहास एका कारणासाठी विलक्षण आहे. क्षयाचे जंतू दिसण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागला, हाडांतील दोष कळण्यासाठी क्ष-किरण लागले. परंतु ही व्याधी तर रोज रात्री घराघरांतून कानांवर पडत होती. तरीही तिचे खरे स्वरूप उलगडावयास १९६५ साल उजाडावे लागले. याचे कारण आमच्या मते असे, की हिचे अर्धे लक्षण रात्री प्रकट होते आणि अर्धे दिवसा. रात्रीचे अर्धे ज्याला दिसे त्याला वैद्यक ठाऊक नसे. आणि वैद्यापुढे जो रोगी येई तो जागा असे. ही दोन अर्धे जोडण्यास माणसाला किती काळ लागला, हाच या लेखाचा विषय होय.

प्राचीनांनी निद्रेकडे दुर्लक्ष केले असे मात्र कोणी म्हणू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहार, स्वप्न आणि ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. येथे स्वप्न म्हणजे झोप. त्याच स्थानातील एकविसाव्या, 'अष्टौनिन्दितीय' नावाच्या अध्यायात अतिस्थूल माणसाच्या ठायी दिसणारे दोष वर्णिले आहेत, आणि त्याच अध्यायात पुढे निद्रेचे विवेचन आले आहे. सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बल आणि दौर्बल्य, इतकेच नव्हे तर जीवित आणि मृत्यू ही निद्रेच्या अधीन आहेत, असा त्याचा आशय. सुश्रुताने मेदोवृद्धीने होणारे उपद्रव मोजताना अल्पशा श्रमाने लागणारी धाप, तहान, भूक, झोप, घाम यांच्या मालिकेत 'क्रथन' हा एक शब्द घातला आहे. श्वासाचा अकस्मात अवरोध असा त्याचा अर्थ टीकाकार करतात. झोपेत घशात होणारी घरघर असाही अर्थ केला जातो. या एका शब्दावरून आमच्या पूर्वजांस सारे ठाऊक होते अशी आरोळी ठोकण्याचा मोह काहींना होतो. आम्हांस तो मार्ग पसंत नाही. अतिनिद्रा आणि क्रथन ही दोन्ही लक्षणे सुश्रुताने एका ओळीत शेजारी शेजारी ठेवली. एकामुळे दुसरे घडते असे म्हटले नाही. परंतु त्यांचे शेजार त्याने पाहिले, हे निरीक्षण थोडके नव्हे; आणि नंतरच्या काळात तेही विसरले गेले.

लोकांच्या ओठांवर राहिला तो कुंभकर्णच. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात त्याला जागे करण्याचा प्रसंग आहे आणि त्याच्या निःश्वासापुढे राक्षसांना उभे राहवत नव्हते असे त्यात वर्णन आहे. इंद्रासन मागावयाचे ते जीभ वळून निद्रासन मागितले, ही आख्यानांतून सांगितली जाणारी कथा तर घराघरांत पोहोचलेली. ती कथा म्हणून रम्य आहे यात वाद नाही. परंतु तिच्या आधाराने दिवसा पेंगणाऱ्या प्रत्येक माणसास आळशी, खादाड आणि तामसी ठरविण्याची जी सवय आपल्या अंगी जडली, तिने किती जणांवर अन्याय झाला असेल याचा विचार आता करावयास हवा.

युरोपातही चित्र फारसे निराळे नव्हते. तेथील कुंभकर्ण एका कादंबरीत जन्मला. चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' १८३६ आणि १८३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत ज्यो नावाचा एक लठ्ठ नोकर पोरगा आहे. तो उभ्या उभ्या झोपतो, ताटे वाढता वाढता झोपतो, झोपेत घोरतो. दार उघडेपर्यंत ठोठावीतच राहा, नाहीतर तेथेच झोपशील, अशी ताकीद देऊन त्याला पाठवावे लागते. डिकन्सने हे विनोदासाठी लिहिले, आणि वाचक हसले. तथापि लठ्ठपणा, घोरणे आणि दिवसाची अनावर झोप ही तिन्ही एका देहात एकत्र रेखाटणारी ती नजर सामान्य नव्हती. वैद्यकाने पुढे तिचे ऋण मान्य केले ते या पोराचे नाव एका व्याधीला देऊन.

रात्रीचे अर्धे चित्र प्रथम एका वैद्याने नीट टिपले ते १८७७ साली. लंडनचे डब्ल्यू. एच. ब्रॉडबेंट यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले, की उताणा पडून मोठ्याने घोरणाऱ्या, विशेषतः उतारवयाच्या माणसात वारंवार असे घडते, की श्वास आत ओढण्याचे बळ घशातील अडथळ्यापुढे अपुरे पडते. दोनचार श्वासांचा काळ पूर्ण शांतता असते. छाती मात्र व्यर्थ हालत राहते. आणि अखेर मोठ्या घुरकाऱ्याने हवा आत शिरते. आमच्या काकूने पाहिले ते हेच. परंतु ब्रॉडबेंट यांचा मुख्य विषय मेंदूतील रक्तस्रावामुळे होणारा श्वासबिघाड हा होता. ही गोष्ट त्यांनी जाता जाता नमूद केली आणि ती तेथेच राहिली.

दिवसाचे अर्धे १८८० साली फ्रान्समध्ये पुढे आले. झान बातिस्त एदुआर जेलिनो यांनी दारूच्या पिंपांचा व्यापार करणाऱ्या एका रोग्याचे वर्णन केले. त्याला दिवसातून अनेकदा झोपेचे झटके येत आणि मनात भावनेचा उमाळा येताच अंगातील बळ जाऊन तो खाली पडे. या व्याधीला जेलिनो यांनी नार्कोलेप्सी हे नाव दिले. ही स्वतंत्र व्याधी आहे आणि तिचे कारण मेंदूत आहे. परंतु नाव मिळाले की ते वाटेल त्याला चिकटविण्याचा मोह वैद्यांसही आवरत नाही. त्यानंतर कित्येक दशके दिवसा झोपणारा जो जो येई त्याला नार्कोलेप्सीचाच शिक्का बसू लागला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १८८९ सालचे आहे. लिव्हरपूलचे रिचर्ड केटन यांनी लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे एक रोगी मांडला. हा कोंबड्या-बदके विकणारा दुकानदार, वय ३७, देहाने स्थूल. दुकानात उभ्या उभ्या त्याला झोप लागे. जाग येई तेव्हा पाव तासापूर्वी विकलेले बदक त्याच्या हातातच असे आणि गिऱ्हाईक केव्हाच निघून गेलेले असे. केटन यांनी एवढ्यावर न थांबता त्याला रुग्णालयात झोपलेला पाहिला. घसा आवळल्यासारखा बंद होतो, श्वास पूर्ण थांबतो, छाती आणि पोट निष्फळ धडपडत राहतात, कातडी काळीनिळी पडत जाते, आणि पाहणारा भेदरून जाईल अशा अवस्थेला पोहोचल्यावर एकदम वाट मोकळी होते, असे त्यांनी लिहून ठेवले. घाबरून परिचारिका त्याला जागा करीत, तर तो उलट त्रासे. सभेच्या अध्यक्षांना पिकविकमधील पोराची आठवण झाली. रात्र आणि दिवस दोन्ही एका टिपणात आले होते. केवळ मधला दुवा लिहावयाचा राहिला होता. परंतु केटन यांनी त्याला नार्कोलेप्सीच म्हटले! त्यांच्या चरित्रातील आणखी एक योगायोग आम्हांस चटका लावून जातो. प्राण्यांच्या मेंदूत विद्युत्प्रवाह असतात हे १८७५ साली प्रथम दाखविणारे संशोधक हेच केटन. ज्या विद्येच्या साह्याने पुढे हा दुवा सापडावयाचा होता, तिचे बीज त्यांच्याच हातून पेरले गेले होते.

त्याच १८८९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विल्यम हिल यांनी शाळेतील मंद समजल्या जाणाऱ्या मुलांविषयी लिहिले. नाकामागे आणि घशात वाढलेल्या गाठींमुळे जी मुले तोंडाने श्वास घेतात आणि रात्री घोरतात, तीच वर्गात मठ्ठ दिसतात. गाठी काढल्या तर ती सुधारतात, असे त्यांचे सांगणे. छडीच्या त्या युगात हे किती मास्तरांच्या कानी गेले असेल कोण जाणे. आजही वर्गात झोपणाऱ्या किंवा उगाच चिडचिड करणाऱ्या पोराच्या रात्रीची चौकशी आपल्याकडे फार थोडे पालक करतात.

यानंतर विषय जवळजवळ थंडावला. निद्रेविषयीचे ज्ञान मात्र दुसऱ्या वाटेने वाढत होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली. काही रोगी आठवडेच्या आठवडे झोपून राहत, तर काहींची झोप पार उडून जाई. व्हिएन्नाचे फॉन इकॉनोमो यांनी १९१७ साली तिचे वर्णन केले आणि मृतांचे मेंदू तपासून दाखविले, की झोपेची आणि जागृतीची सूत्रे मेंदूच्या तळाशी असलेल्या विशिष्ट स्थानी आहेत. झोप म्हणजे नुसता दिवा मालवणे नव्हे, तर मेंदूने चालविलेले कार्य आहे, ही जाणीव येथून बळावली. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूचा विद्युत्‌आलेख प्रथम काढला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. झोपेच्या पायऱ्या त्यावरून १९३७ मध्ये मोजल्या गेल्या. आणि १९५३ साली शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेत मिटल्या पापण्यांखाली डोळे भरभर फिरण्याचा, म्हणजेच बहुतेक स्वप्नांचा, काळ ओळखला. निद्रिताच्या उशाशी रात्रभर बसून राहणारे वैद्य आता प्रथमच दिसू लागले.

१९५६ साली बोस्टन येथील सिडनी बरवेल आणि त्यांचे सहकारी यांचा एक लेख गाजला. त्यांचा रोगी ५१ वर्षांचा व्यापारी गृहस्थ. उंची सव्वापाच फुटांहून किंचित अधिक आणि वजन २६० पौंडांवर. आठवड्याच्या पत्त्यांच्या बैठकीत हातात तीन एक्के आणि दोन राजे असे उत्तम पान आलेले असताना त्याला डुलकी लागली आणि डाव हातचा गेला. तेव्हा कोठे त्याने रुग्णालयाची पायरी चढली! डुलक्या त्याला आधीही येत होत्या, पण पैसा बुडाला तेव्हा रोग ठरला; मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच. बरवेल यांनी या विकारास 'पिकविकियन सिंड्रोम' म्हटले आणि हे नाव रूढ झाले. त्यांची उपपत्ती अशी, की मेदाच्या ओझ्याने श्वसन उथळ होते, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्याच्या विषाने गुंगी येते. रोगी सडपातळ झाल्यावर सुधारला, त्यामुळे उपपत्ती खरी वाटली. त्याच्या झोपेतील श्वासाची अनियमितता त्यांच्या नजरेस आली होती. परंतु तिला त्यांनी परिणाम मानले, कारण मानले नाही.

नऊ वर्षांनी हे कोडे सुटले, आणि तेही एकाच वर्षी दोन ठिकाणी. फ्रान्समधील मार्सेय येथे आंरी गास्तो, तासिनारी आणि द्युराँ, तर जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग आणि कूलो, यांनी १९६५ साली अशा रोग्यांना झोपवून मेंदूचा आलेख आणि श्वासाचा आलेख रात्रभर एकाच वेळी काढला. कागदावर दोन रेषा शेजारी शेजारी धावू लागल्या आणि शतकानुशतके न जुळलेली दोन अर्धे जुळली. श्वास थांबे; काही वेळाने मेंदूच्या रेषेत जागृतीची खूण उमटे; त्याबरोबर घसा उघडून श्वास सुरू होई; पुन्हा झोप, पुन्हा अडथळा, पुन्हा जाग. एका रात्रीत शेकडो वेळा! ज्याला सारे जग झोपाळू म्हणत होते तो माणूस वस्तुतः रात्रभर झोपलाच नव्हता, आणि हे त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते. आमच्या चुलत्यांच्या वाट्याला आलेल्या त्या उपहासाचे उत्तर त्या कागदाच्या गुंडाळीवर होते.

या व्याधीचे देहातील कार्य समजून घेणे कठीण नाही. नाकापासून स्वरयंत्रापर्यंतचा घशाचा मार्ग हा मुख्यतः मांसाचा. त्याला फुप्फुसांकडील नळीसारखी कूर्चेची कडी नाहीत. जागेपणी स्नायू तो ताणून धरतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, आणि ज्याचा मार्ग मुळातच चिंचोळा आहे त्याचा तो मिटतो. अरुंद वाटेतून हवा जाताना पडदा थरथरतो, ते घोरणे. वाट पूर्ण मिटते, ती शांतता. म्हणून भय आवाजापेक्षा त्या शांततेचे अधिक. दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ श्वास थांबला तर तो एक अवरोध धरतात. श्वास पूर्ण अडण्याचे आणि अर्धवट अडण्याचे प्रसंग मिळून ताशी पाचपासून पंधरापर्यंत झाले तर व्याधी सौम्य, तिसापर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. प्रत्येक अवरोधात रक्तातील प्राणवायू घटतो, संकटाची हाक गेल्याप्रमाणे सारी चेतासंस्था खडबडून उठते, नाडी दौडते आणि रक्तदाब उसळतो. इटलीतील बोलोन्या येथे एलिओ लुगारेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्रभर रक्तदाब मोजून हे चढउतार डोळ्यांपुढे मांडले. १९८० साली त्यांनीच सान मारिनो या चिमुकल्या देशातील हजारो लोकांची पाहणी करून नित्य घोरणाऱ्यांत रक्तदाबाचा विकार अधिक आढळतो असे दाखविले.

रात्रीचा हा उसळणारा दाब कालांतराने दिवसाही खाली येईनासा होतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील पाहणीने २००० साली ही गोष्ट पक्की केली : श्वासरोध जितका अधिक, तितकी पुढील चार वर्षांत रक्तदाब जडण्याची शक्यता अधिक. अर्धांगवायू, हृदयाची अनियमित गती, मधुमेह यांच्याशीही या व्याधीचे नाते दिसून आले आहे. सकाळी उठताच डोके दुखणे, रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे, तोंडाला कोरड, विसराळूपणा, चिडखोरपणा, मनाची उदासी, ही तिची किरकोळ वाटणारी अपत्ये. आणि जो वाहन चालवितो त्याचे काय? स्पेनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा रोग्यांना अपघाताचा धोका इतरांच्या सुमारे सहापट आढळला.

व्याधी केवळ लठ्ठ पुरुषांची, हा भ्रमही मोडावा लागला. फ्रान्सहून कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे १९७२ साली गेलेले क्रिस्तियाँ गिलमिनो यांनी सडपातळ माणसांत आणि लहान मुलांतही ती दाखवून दिली, आणि १९७६ मध्ये पिकविकच्या पोराला निवृत्त करून 'स्लीप ॲप्निया सिंड्रोम' हे नाव रूढ केले. हनुवटी मागे असणे, जबडा आखूड असणे, गळ्यातील गाठी मोठ्या असणे, एवढेही पुरते. स्त्रियांत पाळी थांबल्यानंतर हिचे प्रमाण वाढते. परंतु त्या पेंगण्यापेक्षा थकवा किंवा झोप न लागणे ही तक्रार सांगतात, म्हणून त्यांची व्याधी अधिक झाकली जाते.

निदान झाले, पण उपाय? प्रारंभी एकच होता आणि तो भयंकर होता. कूलो यांनी १९६९ साली गळ्याला खाली भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. दिवसा नळी बंद करावयाची, रात्री उघडावयाची; अडलेला घसा टाळून हवा परस्पर आत जाई. परिणाम जादूसारखा होता. वर्षानुवर्षे पेंगणारी माणसे थोड्याच दिवसांत ताजीतवानी झाली. पण गळ्याला आयुष्यभर भोक बाळगावयाचे हे कोणाला रुचेल?

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे जून १९८० मध्ये असाच एक रोगी या शस्त्रक्रियेसाठी आला आणि त्याने नकार दिला. दुसरा काही प्रयोग असेल तर मात्र तो करून घेण्यास तयार होता. वैद्य कॉलिन सलिव्हन यांनी त्यापूर्वी कॅनडात टोरोंटो येथे कुत्र्यांच्या निद्राश्वसनावर काम केले होते आणि कुत्र्यांसाठी मुखवटे बनविले होते. त्यांनी केर ओढणाऱ्या यंत्राची मोटार घेतली, ती उलट वाहती केली आणि हवेचा मंद, अखंड दाब नळीवाटे रोग्याच्या नाकात सोडला. हवेचाच आधार मिळून घसा आतून उघडा राहिला. घोरणे थांबले, अवरोध थांबले, आणि तो माणूस कित्येक वर्षांनी रात्रभर निवांत झोपला. एप्रिल १९८१ मध्ये पाच रोग्यांचा वृत्तान्त 'लॅन्सेट'मध्ये आला; लागलेला दाब पाण्याच्या साडेचार ते दहा सेंटिमीटर उंचीएवढाच, म्हणजे अगदी हलका. त्या गोंगाट करणाऱ्या मोटारीचे आज उशाजवळ मावणारे, जवळजवळ निःशब्द यंत्र झाले आहे. त्याला सी-पॅप म्हणतात.

हा उपाय रामबाण आहे असे मात्र आम्ही लिहिणार नाही. दिवसाची गुंगी तो निश्चित घालवितो आणि रक्तदाब थोडा उतरवितो. परंतु ज्यांना हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच जडलेला होता अशा २,७१७ रोग्यांवरील मोठ्या प्रयोगात, २०१६ साली, हृदयाचे झटके आणि अर्धांगवायू या यंत्राने कमी झाल्याचे दिसले नाही. ते लोक यंत्र रात्री सरासरी सव्वातीन तासच लावीत, हेही लक्षात घ्यावे लागते. मुखवटा लावून निजणे अनेकांना जाचते. घरातील माणसे हसतात, हेही एक कारण असावे असा आमचा तर्क आहे. वजन उतरविणे, मद्य वर्ज्य करणे, कुशीवर निजणे, जबडा पुढे धरणारी दंतपट्टी, काहींना शस्त्रक्रिया, असे अन्य उपाय आहेत. तिर्झेपाटाइड नावाच्या, वजन घटविणाऱ्या सुईच्या औषधाला अमेरिकेतील औषध नियामकांनी डिसेंबर २०२४ मध्ये स्थूल रोग्यांतील या व्याधीसाठी मान्यता दिली.

निद्रेच्या इतर विकारांचा केवळ निर्देश करून पुढे जातो. नार्कोलेप्सीचे कारण १९९८ नंतर उलगडले. जागृती टिकवून धरणारे ओरेक्सिन नावाचे द्रव्य अशा रोग्यांच्या मेंदूत नाहीसे होते. रात्री पायांत वळवळ सुटून ते हालविल्यावाचून राहवत नाही, हा विकार स्वीडनच्या एकबोम यांनी १९४५ साली सविस्तर मांडला. स्वप्नातील मारामारी हातापायांनी प्रत्यक्ष करणारे लोक १९८६ साली मिनियापोलिस येथे ओळखले गेले. त्यांपैकी पुष्कळांना काही वर्षांनी कंपवात जडतो असे पुढे आढळले. म्हणजे झोपेत बडबडणारा, हातपाय झाडणारा म्हातारा हाही थट्टेचाच विषय आहे असे समजण्याचे कारण नाही.

आपल्या देशाकडे वळू. मुंबईचे वैद्य झरीर उडवाडिया आणि सहकारी यांनी ३५ ते ६५ वयाच्या, स्वतःस निरोगी समजणाऱ्या शहरी पुरुषांची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत शेकडा १९.५ जणांच्या झोपेतील श्वासात दोष निघाला, आणि शेकडा ७.५ जणांत दोषाबरोबर दिवसाची गुंगीही होती. अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये १९९३ साली गुंगीसह व्याधी असलेल्या पुरुषांचे प्रमाण शेकडा ४ निघाले होते. दोन पाहण्यांची पद्धत तंतोतंत एक नव्हती, तरी हा आजार गोऱ्या, धष्टपुष्ट लोकांचा आहे असे म्हणून आपल्याला अंग काढून घेता येणार नाही. मुंबईच्या पाहणीत स्त्रिया नव्हत्या. साऱ्या जगाचा अंदाज २०१९ साली बांधला गेला, तेव्हा तीस ते एकोणसत्तर वयाच्या सुमारे ९३ कोटी ६० लाख लोकांत सौम्य ते तीव्र अशी ही व्याधी असावी असे निघाले.

येथे एक गोष्ट आमच्या वाचकांना विशेष रुचेल. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजरिडू नावाचे लांब लाकडी वाद्य फुंकण्याचा सराव करणाऱ्या रोग्यांची गुंगी आणि अवरोध कमी झाले, असा स्वित्झर्लंडमधील २५ जणांचा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला होता. त्याच धर्तीवर जयपूर येथील वैद्यांनी मध्यम व्याधीच्या ३० रोग्यांवर शंखाचा प्रयोग केला आणि तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. काहींनी आठवड्यातून पाच दिवस, निदान पंधरा मिनिटे, असा सहा महिने शंख फुंकला. इतरांनी नुसते दीर्घ श्वास घेतले. शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची गुंगी सुमारे एक तृतीयांशाने उतरली आणि ताशी अवरोध चार-पाचांनी कमी झाले. फुंकण्याने घशाचे स्नायू बळावतात, ही त्यामागील कल्पना. तीस माणसे म्हणजे फार थोडी. त्यावरून यंत्र बाजूला ठेवून शंख हाती घेण्याची घाई तीव्र व्याधीच्या माणसाने करू नये. परंतु देवळात आरतीला शंख फुंकणाऱ्या आमच्या वृद्ध पुजारीबुवांना ही बातमी सांगितली तेव्हा त्यांनी फक्त मिशीत हसून शंख पुसून ठेवला.

शस्त्रक्रियेपूर्वी भूल देताना ही व्याधी लपून राहू नये, म्हणून टोरोंटोच्या फ्रान्सिस चुंग यांनी २००८ साली एक छोटी प्रश्नावली तयार केली; ती आता पुष्कळ रुग्णालयांत वापरली जाते. तुम्ही मोठ्याने घोरता काय, दिवसा थकवा येतो काय, रक्तदाब आहे काय, असे साधे प्रश्न तीत आहेत. त्यांतील एक प्रश्न मात्र असा आहे, की त्याचे उत्तर रोग्याला स्वतःला देता येत नाही : झोपेत तुमचा श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे काय? त्या रकान्यात 'होय' असे लिहावयास आमच्या काकूला कोणी कधी बोलाविले नाही.